पेव, रिकामी खुर्ची आणि 'तुम्ही'

हरिपूर_रोड | गुरुवार, रात्री ११:४०

एरवी मी इथं वाचनमात्र. फार तर भडंगाच्या धाग्यावर भांडायला येतो. आज जरा अवघड विषय काढतोय, सांभाळून घ्या.

वय ३९. सांगलीत विश्रामबागेकडं राहतो, एका कर सल्लागारांकडं हिशेबाचं काम. बायको, एक मुलगी. मूळ गाव जत तालुक्यात. तिकडं पाण्याची बोंब, शाळेची बोंब, म्हणून सहावीपासून मला सांगलीत चुलत्यांकडं ठेवलं. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. हळदीचा धंदा. मारायचे. त्या काळी सगळेच मारायचे, तसलं नाही. पट्ट्यानं, आणि नंतर अबोला. तीन-तीन दिवस. ते बोलत नाहीत म्हटल्यावर घरातलं कुणीच बोलायचं नाही, काकूसुद्धा ताट पुढं सरकवून निघून जायची.

आणि एक ठरलेली धमकी, "पेवात सोडीन." सांगलीबाहेरच्यांसाठी सांगतो. हरिपुरात हळद साठवायला जमिनीखाली खोल पेवं असायची. वर तोंड एवढंसं, आत पोट मोठं. २००५च्या पुरानंतर बरीच बंद पडली. आत माणूस उतरायच्या आधी दोरीला बांधून दिवा सोडायचे. दिवा जळत राहिला तर हवा आहे, विझला तर उतरायचं नाही. आण्णांनी मला एकदा दंडाला धरून पेवाच्या तोंडाशी उभं केलं आणि दिवा विझताना दाखवला. बस, एवढंच. सोडलं कधीच नाही.

लग्नात हळद लावायला पाटावर बसवलं तर मला दरदरून घाम फुटला, पाट सोडून उठलो. मंडपात हशा, नवरदेव बावरला म्हणून. अजूनही हळदीचे सौदे होतात त्या मार्केट यार्डावरून गाडी नेत नाही, वळसा घालतो.

मुलगी सहावीत गेली आणि माझी झोप उडाली. तिचं गणित चुकलं की हात शिवशिवायचा. एकदा कमरेच्या बकलावर हात गेला. बायकोनं बघितलं. बोलली काही नाही, दुसऱ्या दिवशी एका काउन्सेलरची वेळ घेऊन आली.

ते पहिले काउन्सेलर दुसऱ्याच भेटीत म्हणाले, मोठ्यांना माफ करून टाका, मन मोकळं करणारं पत्र लिहा आणि कृष्णेत सोडून द्या. लिहिलं. घाटावर गेलो, सोडलं. कागद पायरीलाच चिकटून बसला, काठीनं ढकलावा लागला. फरक शून्य.

आता सात महिन्यांपासून मिरजेत एका मॅडमकडं जातो, आधी पंधरवड्याला, आता दर गुरुवारी. त्यांची पद्धत भावनाकेंद्री थेरपी, म्हणजे इमोशन-फोकस्ड थेरपी, ईएफटी. मध्यंतरी त्यांनी समोर वेताची एक खुर्ची ओढली, म्हणाल्या, आण्णा इथं बसलेत असं समजून बोलता येईल का? मला हसू आलं. मग विचारलं, "खुर्ची किती लांब ठेवू?" म्हटलं अजून लांब. अजून. शेवटी खुर्ची दाराबाहेर पॅसेजमध्ये गेली आणि दार अर्धं लोटलं, तेव्हा कुठं माझा श्वास सुटला. आता बोला म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "आण्णा, चहा घेणार का तुम्ही?"

आण्णा चार वर्षांपूर्वी गेले. फोटोला हार आहे. गेलेल्या माणसाला, तेही घास दिलेल्या माणसाला, उलटं कसं बोलायचं? तिथंच अडकलोय.

तर प्रश्न असा, की ज्यांना या पद्धतीचा उपयोग झाला त्यांना तो नेमका कशानं झाला? 'आपोआप होईल' असं कृपया सांगू नका.

वारणाकाठचा | रात्री ११:५८

दादा, राग मानू नका. आमच्या वडलांनी बी लई मारलं, चाबकानं. त्यामुळंच वळण लागलं. गाडलेली मढी उकरून काय मिळतंय? मॅडमची फी चालू राहती, दुसरं काय. पोरीला मारू नका म्हंजे झालं.

मधलीसुट्टी | शुक्रवार, सकाळी ७:१०

ईएफटी म्हणजे ती भुवईवर, हनुवटीखाली बोटांनी टकटक करायची तीच ना? आमच्या योगाच्या ग्रुपात व्हिडिओ फिरत असतात.

मिरज_पॅसेंजर | सकाळी ९:३५

@मधलीसुट्टी, नाही. आद्याक्षरं सारखी असल्यानं हा घोटाळा नेहमी होतो. ती टॅपिंगची पद्धत गॅरी क्रेग या गृहस्थांची, तिचा आणि याचा काही संबंध नाही. नवरा-बायकोंसाठी सू जॉन्सन यांची ईएफटी आहे, ती मात्र याच घराण्यातली.

मी याच व्यवसायात आहे. धागाकर्त्यांची थेरपिस्ट मी नव्हे, आणि इथं लिहिते तो उपचार नव्हे. पण प्रश्न इतका नेमका विचारलाय की राहवलं नाही.

ही पद्धत टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले लेस्ली ग्रीनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकापासून घडवत आणली. रिकामी खुर्ची त्याआधीची, फ्रिट्झ पर्ल्स यांच्या गेस्टाल्ट नावाच्या थेरपीतून आलेली. लहानपणी मारहाण, छळ, हेळसांड सोसलेल्या मोठ्या माणसांसाठी तिचं वेगळं रूप कॅनडातल्याच विंडसर विद्यापीठाच्या सँड्रा पायव्हिओ यांनी बांधलं. साधारण १६ ते २० सत्रांचं काम. त्यांच्या अभ्यासांतून दोन गोष्टी ठळक दिसतात. थेरपिस्टशी जमलेलं नातं, आणि त्या जुन्या प्रसंगाशी माणूस भावनेसकट किती भिडतो. दोन्हींचा वाटा वेगवेगळा मोजता येतो. नुसतं छान नातं असून भागत नाही, आणि नात्याशिवाय नुसतं भिडवलं तर माणूस पळून जातो.

आता भिडणं म्हणजे काय, यावरून गैरसमज फार. लोकांना वाटतं उशी बडवायची, ओरडायचं, रडायचं, की झालं मोकळं. तसं नाही. भावनांचे थर असतात. वर जे दिसतं ते बऱ्याचदा झाकण असतं. एखादा सारखा चिडतो, खाली भीती असते. एखादी सारखी रडते, खाली राग असतो, जो तिला कधी करूच दिला नाही. त्याच्याही खाली लहानपणी बसलेली जुनी लाज किंवा धास्ती असते, 'माझ्यातच काहीतरी खोट आहे' ही. ती लाज समजावून जात नाही. मी तुम्हाला शंभरदा सांगीन की तुमची चूक नव्हती, तुम्ही मान डोलवाल आणि घरी जाऊन तसेच राहाल. ती हलते ती दुसरी एखादी जिवंत भावना तिच्या शेजारी उभी राहिली की. अन्यायाबद्दलचा सरळ राग, किंवा जे मिळालंच नाही त्याचं खरंखुरं दुःख, किंवा त्या पोराबद्दलची माया. भावनेला भावनाच बदलते, ही या पद्धतीची गुरुकिल्ली.

माझ्याकडं येणारी माणसं सगळ्यात जास्त कुठला शब्द वापरतात सांगू? 'कसंतरी होतं.' आण्णा आठवले की कसंतरी होतं. निम्मं काम हा 'कसंतरी' उलगडण्याचं असतं. कुठं होतं? घशात आवंढा, की पोटात गोळा? छातीत धस्स होतं, की हातापायांतलं बळ जातं? आपली भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे, भावना अंगात कुठं राहते ते ती जागेसकट सांगते. तिथं थोडा वेळ थांबलं की 'कसंतरी'चं नाव कळायला लागतं.

@वारणाकाठचा, तुमच्या मुद्द्यावर एकच. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. दर तीन मुलांमागं दोघांनी मार खाल्लेला होता. त्या सगळ्यांना वळण लागलं का, हे तुम्हीच बघा आजूबाजूला. आणि जुनं सगळं उकरायचं नसतंच. जे आजच्या ताटात येतंय तेवढंच. त्यांच्या बकलावर हात गेला तो आजचा.

चारभिंती | दुपारी १:२०

मी साताऱ्याची, हँडलवरून कळलं असेल (चारभिंती हे इथलंच ठिकाण). माझी थेरपी दोन वर्षांपूर्वी संपली. माझं मारहाणीचं नव्हतं. आई होती आणि नव्हती. चार-चार दिवस पलंगावर पडून असायची, मी आठ वर्षांची, धाकट्याला भात लावून घालायची. कुणी काही केलं नाही म्हणून मला वाटायचं की माझ्याकडं तक्रार करण्यासारखं काहीच नाही. मॅडमनी (पुण्याच्या, व्हिडिओवर) पहिल्यांदा सांगितलं की जे झालं नाही त्याचीही जखम असते.

मला कशानं उपयोग झाला, ते जसं आठवेल तसं लिहिते.

एक म्हणजे जागा. ही गोष्ट कुणी सांगत नाही! आमचं घर शनिवार पेठेत, भिंतीला भिंत लागून. घरात बसून आईबद्दल बोलणार कशी? सुरुवातीची पाच सेशन मी कुजबुजतच केली आणि कुजबुजत्या आवाजात राग येतच नाही, करून बघा. मग गाडी घेऊन यवतेश्वराच्या घाटात एका वळणावर उभी करायचे, काचा वर. तिथं नेटवर्क येतं. एकदा शिट्टी मारत एक पोलीसदादा आले, मी डोळे लाल करून बसलेली, मोबाईलमध्ये एक बाई. "ताई, सगळं ठीक आहे ना?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही, पण होईल." ते बिचारे थोडं लांब जाऊन उभे राहिले आणि माझं संपेपर्यंत हलले नाहीत.

दुसरं, रडणं. मी दर सेशनला रडायचे आणि घरी जाऊन जास्तच गळून जायचे. सहा-सात वेळा असं झाल्यावर मॅडमनी विचारलं, हे रडू कुठलं आहे? दमल्याचं, हरल्याचं, की कुणाची तरी वाट बघून थकल्याचं? आधीचं सगळं रडू 'माझ्याच नशिबी का' असलं होतं. ते वर्षभर रडलं तरी संपत नाही. वाट बघण्याचं म्हटल्यावर जे आलं ते वेगळंच होतं. आवाज नव्हता त्याला. दोन-तीन मिनिटंच. नंतर भूक लागली, इतकी की राजवाड्यावर जाऊन दोन प्लेट वडापाव खाल्ले. @मिरज_पॅसेंजर, तुम्ही थर म्हणताय ते हेच ना?

तुमचं 'तुम्ही'चं वाचून गंमत वाटली, कारण माझं नेमकं उलट. आईला आपण सगळे 'तू'च म्हणतो. 'तू' म्हटलं की ती इतकी जवळ यायची की मी लगेच तिचीच काळजी करायला लागायचे. "आई, तू जेवलीस का?" तुमचा चहा, माझं जेवण! मॅडमनी मला तिच्याबद्दल बोलायला लावलं, तिच्याशी नाही. "ती अशी झोपलेली असायची" इथून सुरुवात. लांबून. बऱ्याच दिवसांनी 'तू'वर आले.

हरिपूर_रोड | दुपारी ३:०५

चारभिंती ताई, ऑफिसात वाचतोय आणि नाक शिंकरतोय. साहेबांना सर्दी सांगितली.

लाज हा शब्द वाचून थांबलो. मला आण्णांचा राग येत नाहीच. मॅडम विचारतात तेव्हा मला त्या पोराचाच राग येतो. रडका. चड्डी ओली केली होती त्यानं पेवाजवळ. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. इथं नाव नाही म्हणून लिहितोय.

नाव_नको_गाव_नको | संध्याकाळी ६:४५

माझी बाजू पण येऊ द्या, नाहीतर सगळं गोडगोड वाटेल.

मी तीन भेटींत सोडलं. सांगलीतलंच ठिकाण, जास्त सांगत नाही. दुसऱ्याच भेटीत खुर्ची. मला विचारलंही नाही, लांब ठेवू का जवळ. "बोला, मनातलं सगळं बाहेर काढा." मी बोलायला लागले आणि मग मला काही ऐकूच येईना. हातपाय थंड. ते म्हणत होते, छान, येऊ द्या, येऊ द्या. घरी कशी आले आठवत नाही. पुढचे आठ दिवस गॅसपाशी उभं राहायची भीती वाटायची. तिसऱ्या भेटीला हे सांगायला गेले तर म्हणाले की तुमचा विरोध आहे, मन तयार नाही. म्हणजे परत माझीच चूक. लहानपणी पण हेच ऐकलेलं.

मिरज_पॅसेंजर | रात्री ९:१५

@नाव_नको_गाव_नको, तुमचं वाचून वाईट वाटलं आणि आमच्याच लोकांचा रागही आला. थंड पडणं, ऐकू न येणं ही धोक्याची खूण आहे, तिथं थांबायचं असतं. तुम्ही सोडलंत ते शहाणपणाचंच केलंत.

दूध तापवण्यासारखं आहे हे. गारच राहिलं तर काही होत नाही. नुसत्या माहितीसारखं सांगत राहिलं, 'वडील मारायचे, आई गप्प असायची', तर वर्षं जातात. पण उतू गेलं तर भांडंच करपतं. कढ आला पाहिजे आणि गॅसची चावी बसलेल्या माणसाच्या हातात पाहिजे. धागाकर्त्यांच्या मॅडमनी 'किती लांब ठेवू' विचारलं ना, ती चावी त्यांच्या हातात दिली.

पायव्हिओंच्या पद्धतीत खुर्ची साधारण चौथ्या सत्राच्या आसपास येते, त्याआधी नाही. आधी ओळख, भरवसा, प्रसंग थोडा सांगून बघणं. आणि खुर्चीच पाहिजे असंही नाही. २०१०च्या त्यांच्या अभ्यासात ४५ जण होते, १६ सत्रं. २० जणांना खुर्चीची रीत आणि २५ जणांना बिनखुर्चीची. तीत त्या माणसाला मनातल्या मनात आणायचं, पण बोलायचं थेरपिस्टशी. दोन्हीकडं लोक सुधारले. पण मध्येच सोडून जाणारे खुर्चीवाल्यांत २० टक्के आणि दुसरीकडं ७ टक्के. म्हणजे चारभिंतींनी लांबून सुरुवात केली ती पळवाट नव्हे, तीही रीतच आहे.

आणि काही वेळा हे काम आत्ता नकोच असतं. घरात अजून मारहाण चालू आहे, जीव द्यावासा वाटतोय, दारू सुटलेली नाही, किंवा भास होतायत, तर आधी ते बघायचं. आठवण धूसर असेल तर थेरपिस्टनं ती 'शोधून काढायची' नसते, हेही महत्त्वाचं. जे आठवतंय त्यावर काम. कुणी तुम्हाला 'नक्की काहीतरी झालं असणार, आठवा' म्हणायला लागलं तर उठून या.

बिनसाखरेचा | शनिवार, सकाळी ८:००

थोडं अवांतर. बायको अशाच थेरपीला जाते. (तिला विचारून लिहितोय.) घरी आल्यावर मी काय करावं? विचारलं तर चिडते, नाही विचारलं तर 'तुला काही पडलेलीच नाही'.

चारभिंती | सकाळी ८:४०

@बिनसाखरेचा, निघताना विचारा, आल्यावर नको. "आज आल्यावर बोलायचंय की गप्प राहायचंय?" एवढं आधी ठरलं की सुटसुटीत होतं. आणि त्या दिवशी भाजी निवडणं तुमच्याकडं. माझ्या नवऱ्यानं त्या वर्षात इतकी मेथी निवडली की आता डोळे मिटून निवडतो.

सेशननंतर लगेच ऑफिसला पळू नका, हेही सगळ्यांसाठी. मी आधी दहा ते अकरा सेशन आणि साडेअकराला मीटिंग असं करायचे. मूर्खपणा.

हरिपूर_रोड | सकाळी १०:१०

मेथीची कल्पना घरी दाखवली. बायको म्हणाली, तुझं गुरुवारी असतं, तेव्हा मेथी मी निवडणार, तू पोह्यांची तयारी रविवारी कर.

वारणाकाठचा | सकाळी ११:३०

मॅडम, माफी द्यावी लागती का शेवटी? कीर्तनात तर तेच सांगत्यात.

मिरज_पॅसेंजर | दुपारी १२:१५

नाही लागत. काहींच्या मनात माफी येते, काहींच्या येत नाही, पण दोष ज्याचा त्याच्या पदरात टाकून ते मोकळे होतात. दोन्ही चालतं. कुणी सांगितलं म्हणून दिलेली माफी मात्र धागाकर्त्यांच्या कागदासारखी पायरीलाच चिकटते. कीर्तनकारांशी माझं भांडण नाही, पण ते माफीचा शेवटचा अभंग पहिल्या दिवशी गायला लावत नाहीत ना.

बरं झालं विचारलंत, कारण धागाकर्त्यांना यावरच सांगायचं होतं. राग आणि अनादर यांची आपल्याकडं गल्लत होते. घास दिला हे खरं, दिवा विझताना दाखवला हेही खरं. पहिल्यासाठी दुसरं गिळावं लागत नाही. आणि त्या पोराचा राग येतो म्हणालात, तो मला महत्त्वाचा वाटतो. खुर्चीत आण्णांना बसवणं जमत नसेल तर आधी त्या पोराला बसवता येईल का, हे तुमच्या मॅडमना विचारून बघा. माझ्याकडून सूचना म्हणून नको, तुमचा प्रश्न म्हणून विचारा. आणि इथं जे लिहिलंत ते त्यांना छापून द्या हवं तर. तोंडानं सांगायला जड जातं तेव्हा मी लोकांना कागदच आणायला सांगते.

शिक्षण-नोंदणी बघून घ्यायची सवय सगळ्यांनीच लावा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, विचारायला संकोच नको. 'ही पद्धत कुठं शिकलात, देखरेख कुणाची आहे' हेही विचारता येतं. चांगला माणूस रागावत नाही. तुम्ही सांगितलेलं गुप्त राहणं हा २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे.

वारणाकाठचा | दुपारी १२:५०

फी परवडत नसंल तर? मित्रासाठी इचारतोय.

मिरज_पॅसेंजर | दुपारी १:०५

मित्राला सांगा, १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी, फुकट, रात्री-अपरात्रीसुद्धा, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिथं खुर्चीचं काम होणार नाही, पण ऐकून घेतात आणि पुढं कुठं जायचं ते सांगतात. शिवाय सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, केसपेपरच्या पैशांत काम होतं. सकाळी लवकर जायला सांगा, गर्दी असते. एकट्यानं जायचं जिवावर येत असेल तर कुणीतरी सोबत जावं.

वारणाकाठचा | दुपारी १:१२

बरं.

मधलीसुट्टी | दुपारी २:३०

वाखूसा (वाचनखूण साठवली). टकटकवाल्या ग्रुपात हा धागा टाकू का?

चारभिंती | दुपारी २:३४

टाका, पण आधी नाव_नको यांचा प्रतिसाद वाचायला लावा.

हरिपूर_रोड | तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री १०:५०

धागा वर काढतोय. काहींनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलं होतं.

तो चड्डीचा परिच्छेद छापून नेला. मॅडमनी वाचला, कागद घडी करून परत दिला आणि काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "किती वर्षांचा होता हो तो?" अकरा. "तुमची मुलगी किती वर्षांची?" पुढच्या महिन्यात अकरा पूर्ण. त्यावर त्यांनी काही जोडलं नाही. मीच खुर्चीकडं बघत बसलो. मुलीची शाळेची पाण्याची बाटली माझ्या पिशवीत राहिली होती, दुरुस्तीला द्यायची म्हणून. झाकण निसटतं तिचं. ती हातात घेऊन बसलो होतो हे नंतर लक्षात आलं.

त्या दिवशी आण्णांना बोलावलंच नाही. त्या पोराला बसवलं. त्याला काय बोललो ते लिहीत नाही, पण लांब ठेवायला सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी आण्णा. खुर्ची पॅसेजमधून आत आली, दाराशी. मी 'तुम्ही'नंच सुरुवात केली. "आण्णा, तुम्ही मला पेवापाशी नेलं. तुम्ही माझा दंड धरला होता." मॅडम मध्येच हळू आवाजात विचारत होत्या, हे म्हणताना कुठं काय होतंय. दंडात, म्हटलं. डाव्या दंडात, बोटं रुतल्यासारखं. तिथंच राहा म्हणाल्या, आणि तो दंड आता काय करू बघतोय? मी दंड हिसडला. खरोखर हिसडला, खुर्चीच्या हातावर कोपर आपटलं, अजून निळं आहे. आणि तोंडातून निघालं, "सोड मला." सोडा नव्हे. सोड.

माझा मलाच धक्का बसला. आण्णांना सोड! पुढची दोन-तीन वाक्यं 'तू'तच गेली. "मी अकरा वर्षांचा होतो. तुला लाज वाटायला पाहिजे होती, मला नाही." हे शेवटचं कुठून आलं देव जाणे, ठरवून गेलो नव्हतो. मग भरपूर रडलो, पण चारभिंती ताई म्हणतात तसं, गळून गेलो नाही. मिरज स्टँडसमोर उभं राहून चहा प्यायलो.

आणि हो, नंतर परत 'तुम्ही'च येतंय. फोटोसमोरून जाताना आपोआप मान लवते. मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या लवू दे की. मार्केट यार्डावरून अजून गेलो नाही. झोप तीन-चार रात्री बरी, मग एक रात्र वाईट, असं चाललंय.

मुलीला परवा अपूर्णांक शिकवत होतो. तीनदा चुकली. हात शिवशिवला, नाही असं नाही. उठलो, माठातलं पाणी प्यायलो, परत येऊन बसलो. ती म्हणाली, बाबा, तुम्हालाच येत नाही वाटतं.

चारभिंती | रात्री ११:०२

कोपराला हळद लावा म्हणणार होते, मग आठवलं. बर्फ लावा.

हरिपूर_रोड | रात्री ११:०५

हसलो. बायकोला वाचून दाखवलं, ती पण हसली.

वारणाकाठचा | रात्री ११:२०

दादा, सिव्हिलला मंगळवारी जायाचंय. मित्राला. तुम्ही मिरजेला कितीच्या गाडीनं जाता?

हरिपूर_रोड | रात्री ११:२४

मी दुचाकीनं जातो. मंगळवारी सुट्टी काढतो की. कुठून यायचंय तुमच्या मित्राला, व्यनि करा.